झू शी राजमान्य पंडित होता?

‘झू शी म्हणजे चिनी दरबाराचा लाडका कन्फ्यूशियन पंडित’ हा समज चुकीचा आहे. विशीच्या आतच, 1148 मध्ये, तो सरकारी अधिकारी निवडणारी सर्वोच्च राजपरीक्षा उत्तीर्ण झाला. पण 1194 मध्ये सम्राटाला शिकवायला दरबारी गेला, तो जेमतेम दीड महिना टिकला. पुढे त्याच्या विचारांवर ‘खोटी विद्या’ म्हणून बंदी आली. ती उठण्याआधीच 1200 मध्ये तो वारला. अखेरच्या दिवसांतही ‘महाविद्या’ या कन्फ्यूशियन ग्रंथावरचं भाष्य तो सुधारत होता. ही निष्ठा मला कुठल्याही पदाहून मोठी वाटते! राजमान्यता मिळाली ती मरणोत्तर. 1313 मध्ये युआन या मंगोल घराण्याच्या दरबाराने त्याची चतुर्ग्रंथांवरची (‘महाविद्या’सह चार प्रमुख कन्फ्यूशियन ग्रंथांवरची) भाष्यं राजपरीक्षेला लावली. पुढे 1905 मध्ये परीक्षापद्धती बंद होईपर्यंत उमेदवार तीच घोकत राहिले.