छंद वयाबरोबर आटोपशीर करता येतो

पासष्टी ओलांडलेल्या ९३,२६३ लोकांची माहिती एकत्र मांडली, तर छंद आणि मन यांचं नातं कसं दिसतं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी हे काम केलं आणि २०२३ साली ते ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आलं. इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन आणि युरोपातले आणखी १२ देश त्यात होते. छंद असलेल्या ज्येष्ठांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आढळली, आनंद आणि आयुष्याबद्दलचं समाधान जास्त. डेन्मार्कमध्ये ९६ टक्के ज्येष्ठांना छंद होता, स्पेनमध्ये ५१ टक्क्यांना. पण कल साधारण सगळीकडे तोच. या यादीत भारत नाही, याची मला रुखरुख लागते. गावोगावच्या भजनी मंडळांत किती ज्येष्ठ मंडळी वर्षानुवर्षं रमलेली असतात!

अर्थात, ज्याचे गुडघे धड आहेत तोच बागेत खपणार. म्हणजे छंदामुळे मन प्रसन्न की मन प्रसन्न म्हणून छंद, हा प्रश्न अशा पाहणीतून पुरता सुटत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

असा एक प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोत झाला. १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांमधल्या ३९० जणांना समूहगायनात सामील करून घेतलं. निम्म्या केंद्रांत गाणं लगेच सुरू झालं, उरलेल्यांत सहा महिन्यांनी. कुठे आधी सुरू करायचं, हे नशिबावर सोडलं होतं. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाला होता, जगण्यातला रस वाढला होता. स्मरणशक्तीत किंवा चालण्याफिरण्यात मात्र फरक पडला नव्हता.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ‘शब्दकोडी सोडवा, बुद्धी तल्लख राहील’ असं आपण ज्येष्ठांना औषधासारखं सांगतो. पण उद्या सकाळी उठावंसं वाटणं, कुणीतरी आपली वाट बघत असणं, हा लाभ लहान आहे का?

आता अडचणीची गोष्ट. वय वाढतं तसं शरीर साथ देईनासं होतं, मग आयुष्यभराचा छंद टिकायचा कसा? जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यासाठी पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण देत. ऐंशीच्या घरात रुबिनस्टाइन मोजक्याच रचना वाजवत, त्यांचाच जास्त रियाज करत आणि जलद भागाच्या आधी लय मुद्दाम संथ ठेवत. त्यामुळे पुढचा भाग ऐकणाऱ्याला वेगवानच वाटे. निवड, सराव आणि उणीव भरून काढण्याची युक्ती, या तिन्हींवर बाल्टेस यांनी यशस्वी वार्धक्याचा सिद्धांत उभा केला.

भजनात हे नेहमी दिसतं. आवाज चढेनासा झाला की बुवा काळी दोन सोडून काळी एक, म्हणजे खालची पट्टी, धरतात. बोटं आखडली की पेटीवाले जलद जागा सोडून देतात आणि नुसता सूर भरत राहतात. घरात क्रोशाचा बारीक दोरा दिसेनासा झाला की आजी जाड लोकर घेतात.

घरच्यांचं चुकतं ते इथे. ‘आता कशाला दगदग’ म्हणून प्रेमानेच छंद काढून घेतला जातो. मांडी घालता येत नाही म्हणून कित्येकांचं मंडळ सुटतं. टाळ खुर्चीवर बसूनही वाजवता येतो. मंडळात दोन खुर्च्या ठेवायला सांगा.