चंद्राची कोर आणि चंद्राचं ग्रहण: आधी सावली शोधा

‘पृथ्वीची सावली पडलीय की वो काका.’

चंद्राची कोर कशामुळे होते, असं आमच्या गच्चीवर जमणाऱ्या पोरांना विचारलं की हे उत्तर हमखास येतं. त्यांना न्यायला आलेल्या आईबाबांना विचारलं तरी तेच. उत्तर चुकीचं आहे, पण अगदीच उगीच नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर खरोखर पडते, मात्र तेव्हा ग्रहण लागतं. कोरीशी तिचा काडीचा संबंध नाही. दोन्हींच्या आकृतीत सूर्य, पृथ्वी, चंद्र असे तेच तीन गोळे, मग गल्लत होणारच. म्हणून मी आकृती काढायच्या फंदात पडत नाही, थेट सावलीच दाखवतो.

हो, ती दिसते. सोलापूरचा मुलूख सपाट, पूर्वेला डोंगराची आडकाठी नाही. पावसाळा सरला, हवा स्वच्छ झाली की एका संध्याकाळी गच्चीवर जा. सूर्य मावळताना सगळे पश्चिमेचे रंग बघत बसतात. तुम्ही पाठ फिरवा. पूर्वेला क्षितिजालगत करडा-निळा पट्टा दिसेल आणि त्याच्यावर फिकट गुलाबी कड. तो निळसर पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. सूर्य खाली जाईल तसा तो वर चढतो आणि दहा-पंधरा मिनिटांत अंधारात विरून जातो.

हे बघायला शुद्ध तृतीयेची संध्याकाळ निवडायची. (चतुर्थीही चालते, पण भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र बघितला म्हणून मला आजी मंडळींची बोलणी खायची नाहीत.) सावली पूर्वेला, कोर पश्चिमेला. पोरांना एवढंच विचारायचं: तिकडची सावली इकडे कशी आली? आमच्याकडच्या एका पोरीने दोन-तीनदा मान इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाली, ‘मग चंद्राचा बाकीचा भाग कुणी झाकलाय?’

कुणीच नाही. चंद्राचा अर्धा गोळा कायम उजेडात असतो, अर्धा त्याच्या स्वतःच्याच अंधारात. आपण कुठल्या बाजूने बघतो त्यावर उजेडाचा किती भाग वाट्याला येतो ते ठरतं. यासाठी लिंबू पुरतं. वद्य अष्टमीला सकाळी शाळेत निघायच्या वेळी अर्धा चंद्र आकाशात असतो आणि ऊनही असतं. उन्हात उभं राहून हात लांब करायचा आणि लिंबू चंद्राच्या शेजारी धरायचं. लिंबाची जी बाजू उजळते तीच चंद्राची, आणि तेवढीच. लिंबावर कुणाची सावली पडलेली नसते, तरी ते अर्धंच पिवळंधमक दिसतं. मोठ्या माणसांनीही एकदा करून बघावं. मी चाळिशीत पहिल्यांदा केलं आणि शेजारचे बघतायत हेही विसरलो.

आता ग्रहण. त्याला कडक भाकरी लागते, म्हणजे सोलापुरात अडचण नाही. चंद्र जिथे असतो त्या अंतरावर, पृथ्वीपासून सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर, पृथ्वीची गडद सावली चंद्राच्या साधारण पावणेतीनपट रुंद असते. भाकरी सात इंची घेतली तर एकोणीस-वीस इंची परात सावली म्हणून चालते. भाकरी ओट्यावर ठेवा आणि परात तिच्यावरून हळूहळू सरकवा. भाकरीचा एका बाजूने घास घेतल्यासारखा दिसेल आणि घासाची कड नेहमी भाकरीच्या उघड्या भागात आत घुसलेली असेल. आता याच परातीने अष्टमीचा चंद्र करून दाखवा, म्हणजे मधोमध सरळ रेघ. जमत नाही. दशमीचा करा, ज्यात उजळ भागाची कड बाहेर फुगलेली असते. तो तर सात जन्मांत जमणार नाही. गोल सावलीची कड ना सरळ होते, ना उलटी वळते. सावलीची ही कड कायम गोलच दिसते म्हणून पृथ्वी गोल आहे, असा युक्तिवाद ॲरिस्टॉटलनेही केला होता.

वेळेचा फरक तर घड्याळावरच कळतो. कोरीपासून पुन्हा कोरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस जातात. ग्रहणाचा सगळा खेळ एका रात्रीत आटोपतो. ७ सप्टेंबर २०२५ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, दहाच्या जरा आधी चंद्राला सावली लागली, अकराला तो पूर्ण झाकला, ८२ मिनिटं तांबूस राहिला आणि दीडच्या आत मोकळा झाला. तांबूस अशासाठी की पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून गेलेला लालसर उजेड तेवढा तिथवर पोचतो.

इथे हुशार पोरगं विचारतंच: पौर्णिमेला चंद्र त्या पूर्वेच्या सावलीच्याच दिशेने उगवतो, मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. हात लांब करून मधली तीन बोटं जोडून धरली की साधारण ५ अंश होतात. चंद्र स्वतः जेमतेम अर्धा अंश, करंगळीमागे सहज लपणारा. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात ते बिंदू म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमा त्यांच्या आसपास पडली तरच ग्रहण. चंद्राला भूछाया झाकते, हे आर्यभटाने इ. स. ४९९च्या ‘आर्यभटीया’त स्पष्ट लिहिलंय, राक्षस मात्र अजून आपल्या घरात टिकून आहे.

दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, घरोघरी असतं. त्यातली तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला लागणारा काळ. तिथे सावलीचा हिशेब येतच नाही. ग्रहणाला मात्र स्पर्श (सावली लागते), संमीलन (चंद्र पूर्ण झाकतो), मध्य, उन्मीलन (पुन्हा उघडू लागतो), मोक्ष (पूर्ण सुटतो) अशा वेगळ्या वेळा दिलेल्या असतात. दोन गोष्टी, दोन गणितं.

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायला काही धोका नाही. चष्मा लागतो तो सूर्यग्रहणाला. ३१ डिसेंबर २०२८ला रात्री दहाच्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत असेल. त्या थर्टीफर्स्टला पोरांना टीव्हीसमोरून उठवून गच्चीवर न्यायचं, स्वेटर घालून. कडक भाकरी, शेंगाचटणी माझ्याकडून.