नांदूर मध्यमेश्वर (पाणथळ व वन्यजीव)

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमापाशी असलेली पाणथळ जागा व पक्षी अभयारण्य. येथील बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीचा. बांधकाम १९०७ ते १९१३ या काळात झाले असे सामान्यतः मानतात. काही लेखनात १९११ हे एकच साल आढळते. असे काम टप्प्याटप्प्यानेच होते, त्यामुळे पहिला कालखंड अधिक ग्राह्य वाटतो. बंधाऱ्यामागे गाळ साचत जाऊन पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणकणीस माजले. कालव्यांसाठी साठवायचे पाणी घटले, पण पक्ष्यांना दलदल मिळाली. अभयारण्याची घोषणा १९८६ मधील. रामसर यादीतील (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतील) नोंद २०१९ ची असली तरी ती जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाल्याने २०२० हेच साल रूढ आहे. महाराष्ट्रातील ही पहिली रामसर जागा.

हिवाळ्यात मुक्कामाला येणाऱ्यांना चापडगावच्या बाजूने थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, चित्रबलाक सहज दिसतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब आसपासच्या शेतांतही चरतात. जांभळी पाणकोंबडी मात्र थांबून पाहावी: पाणकणसाचा कोंब ती पायाच्या लांब बोटांत मुठीसारखा धरते, चोचीने सोलते आणि आतला कोवळा गाभा तेवढा खाते. काळा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी उडण्याआधी पाण्यावरून बराच अंतर पाय आपटत धावतो.

येथील प्राणिवर्णनांत देवळाली मिनो (पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी) या अतिसंकटग्रस्त माशाचा उल्लेख येतो. सुंदरलाल होरा व मिश्रा यांनी १९३८ मध्ये देवळालीजवळच्या दारणा नदीतील नमुन्यांवरून ही जाती वर्णिली. जातिनाम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतील प्रेटर यांच्यावरून आहे. दारणा नदी येथील बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गोदावरीस मिळते, म्हणून हा मासा येथलाही धरला जातो. परंतु या प्रजातीचे मासे वाहत्या पाण्यात दगडगोट्यांच्या आधाराने राहणारे आहेत. गाळाच्या संथ पाण्यापेक्षा वरच्या ओढ्यांतच तो शोधणे सयुक्तिक, आणि त्याच्या संरक्षणाचा विचारही तेथूनच सुरू व्हावा.

सस्तन प्राण्यांत मुंगूस व कोल्हा आढळतात. उसाच्या फडांमुळे बिबट्याचा वावर असतो. अंधार पडल्यावर फडाच्या कडेने पायी जाऊ नये.