इंग्लिश मिश्रण (पाइपची तंबाखू)

व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि लताकिया या तीन पानांच्या मेळातून तयार होणारी, पाइपमध्ये ओढायची तंबाखू. आजच्या व्यापारात ‘इंग्लिश’चा अर्थ हा आहे. जुना अर्थ वेगळा होता. ब्रिटनमध्ये तंबाखूवरचा कर वजनावर असे. साखर किंवा काकवी घालून वजन वाढवले की महसूल बुडे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून अशा भेसळीवर कायद्याने कडक बंधने आली आणि वरून गोडवा न घातलेली, पानाच्याच चवीची तंबाखू ती ‘इंग्लिश’, असा लौकिक झाला. पुढे हा शब्द लताकियाला जाऊन चिकटला.

लताकिया हे सीरियातल्या बंदराचे नाव. वाळलेली पाने बंद कोठीत टांगतात आणि खाली लाकूड व सुवासिक झुडपे धुमसत ठेवतात. हल्ली हे पान मुख्यतः सायप्रसहून येते. धुराने ते काळेकुट्ट होते. चुलीवरच्या माळ्यावर पावसाळाभर पडलेल्या घोंगडीचा वास ज्याला ठाऊक आहे, त्याला डबा उघडताच निम्मी ओळख पटावी. उरलेली निम्मी चामड्याची. वास असा उग्र असल्याने नवखा माणूस ही तंबाखू जहाल समजतो, पण लताकियात निकोटिन बेताचेच असते आणि ते संथ, थंड जळते. जीभ पोळते ती दिसायला साध्या, पिवळ्या व्हर्जिनियाने, कारण तिच्यात साखर जास्त. ओरिएंटल म्हणजे तुर्कस्तान व बाल्कन भागातले लहान पान, किंचित आंबूस आणि सुगंधी. मिश्रणामिश्रणांतला फरक बव्हंशी या तिघांच्या प्रमाणाचा असतो.

तुलनेसाठी डनहिलचे डबे सोयीचे. आल्फ्रेड डनहिल यांनी 1907 मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले. तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे तंबाखू मिसळून देत आणि प्रत्येक मिश्रण क्रमांकाने वहीत नोंदवत. ‘माय मिक्श्चर 965’ हे नाव त्यातलेच. त्यात लताकियाच्या जोडीला तपकिरी कॅव्हेंडिश, म्हणजे वाफ देऊन दाबलेले मऊ पान, असल्याने धुराची धार बोथट होते. ‘अर्ली मॉर्निंग पाइप’मध्ये व्हर्जिनिया-ओरिएंटल पुढे आणि लताकिया मागे, नावाप्रमाणे सकाळची तंबाखू. ‘नाइटकॅप’मध्ये लताकिया भरपूर, शिवाय लुइझियानाचे पेरिक, म्हणजे पिंपात दाबून आंबवलेले, मिऱ्यासारखे झोंबणारे पान. तिन्हींत खरी जहाल हीच. सौम्य काय किंवा जहाल काय, पाइपच्या धुराने तोंड, घसा व फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतोच.

लंडनच्या सोब्रानी कंपनीच्या ‘बाल्कन सोब्रानी’त ओरिएंटलचा सूर अधिक ठळक. त्या नावावरूनच अशा मिश्रणांना ‘बाल्कन’ म्हणू लागले. इंग्लिश कुठे संपते आणि बाल्कन कुठे सुरू होते यावर शौकीन तासन्‌तास वाद घालतात. ठरलेले माप मात्र कुठलेच नाही. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या सॅम्युएल गॅविथ कंपनीचे ‘स्क्वाड्रन लीडर’ यांच्या मानाने मवाळ.

लताकियाची कसोटी लावली की काही जुनी इंग्रजी नावे बाहेर पडतात. डनहिलच्याच ‘एलिझाबेथन मिक्श्चर’मध्ये व्हर्जिनिया आणि पेरिक आहे, लताकिया नाही. ‘कॅप्स्टन’ हे नाव आपल्याकडे जुन्या पिढीला सिगारेटमुळे परिचयाचे. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीची त्याच नावाची पाइपची तंबाखू व्हर्जिनियाच्या वळणाची. उलट डनहिल नावाने निघणारी पाइपची तंबाखू शेवटची काही वर्षे डेन्मार्कमध्ये तयार होत होती, तरी ती इंग्लिशच म्हटली गेली. 2018 मध्ये ते नाव पाइपच्या तंबाखूवरून उतरले आणि त्यातली बरीच मिश्रणे पीटरसन या आयरिश पाइप कंपनीच्या नावाने विक्रीस आली. आणि खुद्द इंग्लंडमध्ये, केंडललाच, गॅविथ हॉगार्थ कंपनी ‘एनरडेल फ्लेक’सारखी फुलांच्या अत्तराने घमघमणारी तंबाखू बनवते. तिला कोणी ‘इंग्लिश’ म्हणत नाही. तिच्यासाठी ‘लेकलँड’ असा वेगळा शब्द आहे.