एनएफएसवर अ‍ॅट्रिब्यूट कॅशिंग बंद करणं

एनएफएसमध्ये (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइल्स वापरायची पद्धत) फाइलची साइज, परमिशन, शेवटचा बदल कधी झाला ही माहिती क्लायंट (फाइल वापरणारं मशीन) थोडा वेळ स्वतःजवळ ठेवतो, त्याला अ‍ॅट्रिब्यूट कॅशिंग म्हणतात, आणि ते बंद केलं की हीच माहिती लागेल तेव्हा सर्व्हरला विचारावी लागते. लिनक्सवर त्यासाठी माउंट करताना (म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या मशीनला जोडताना) नोएसी (noac) हा ऑप्शन देतात.

एरवी डिफॉल्ट सेटिंगला फाइलची माहिती 3 ते 60 सेकंद आणि डिरेक्टरीची 30 ते 60 सेकंद चालवून घेतली जाते. फाइल बदलत नाहीये असं दिसलं की क्लायंट ही मुदत दुप्पट करत जातो, बदलली की परत खाली आणतो. त्यामुळे एका मशीनवर केलेला बदल दुसऱ्यावर लगेच दिसत नाही, आणि त्याला वैतागूनच लोक नोएसी लावतात.

पण नोएसी लावलं की काम हळू होतं. मग स्पीड कुठे जातो? मेकसारखा (make, सोर्स कोड कंपाइल करवून घेणारा) प्रोग्राम प्रत्येक फाइलची वेळ एकामागून एक तपासतो, 10,000 फाइल्स असतील आणि सर्व्हरकडे जाऊन यायला अर्धा मिलीसेकंद लागत असेल तर नुसत्या विचारपूशीतच 5 सेकंद जातात, आणि तोच सर्व्हर लांब असून 20 मिलीसेकंद लागत असतील तर 200 सेकंद, म्हणजे अजून कंपाइल सुरूही झालेलं नसतं. बँडविड्थ वाढवून इथे काही होत नाही, कारण डेटा जेमतेम असतो, वेळ खातात त्या फेऱ्या. सर्व्हरची डिस्क निवांत दिसते, नेटवर्कही भरलेलं नसतं, म्हणून हा प्रॉब्लेम पटकन सापडत नाही. एनएफएसस्टॅट (nfsstat, एनएफएसचे आकडे दाखवणारी कमांड) चालवून गेटअ‍ॅटर (getattr), म्हणजे फाइलची माहिती विचारणाऱ्या कॉल्सचा आकडा भराभर वाढतोय का ते बघावं.

बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे लिनक्सवर नोएसी लावलं की सिंक (sync, प्रत्येक राइट लगेच सर्व्हरवर पाठवणारा ऑप्शन) आपोआप लागतं. म्हणजे एरवी क्लायंट छोटे छोटे राइट गोळा करून मोठ्या तुकड्यांत पाठवतो, तसे तुकडे 1 एमबीपर्यंतही असू शकतात, पण आता लॉगची एक ओळ लिहिली तरी ती सर्व्हरवर पक्की सेव्ह होईपर्यंत प्रोग्राम थांबून राहतो. माझ्या मते खरा फटका बहुतेक वेळा इथेच बसतो आणि बिल मात्र गेटअ‍ॅटरच्या नावावर फाटतं. फक्त अ‍ॅट्रिब्यूट ताजे हवे असतील तर अ‍ॅकटाइमिओ (actimeo, माहिती किती सेकंद जवळ ठेवायची ते ठरवणारा ऑप्शन) शून्य ठेवावं, त्यात सिंक येत नाही.

एवढं करूनही सगळ्या क्लायंट्सना कायम एकसारखंच दिसेल याची गॅरंटी नोएसी देत नाही, दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर गोंधळ होतोच. त्यासाठी फाइल लॉकिंग वापरावं, लॉक घेताना क्लायंट कॅश पुन्हा तपासून घेतो. आणि एकाने फाइल बंद केल्यावर दुसऱ्याने उघडली तर नवा मजकूर दिसणं हे एनएफएस तसंही सांभाळतं, तेवढ्याने भागत असेल तर काहीच बदलू नये. नवीन बनवलेली फाइल "नाहीये" असं येत असेल तर लुकअपकॅशची (lookupcache, फाइल आहे की नाही याचं कॅशिंग ठरवणारा ऑप्शन) सेटिंग बदलून बघावी. ओरॅकल आरएसी डेटाबेससारख्या, अनेक मशीन्सनी एकच फाइल वापरायच्या कामात मात्र अ‍ॅकटाइमिओ शून्य मुद्दाम ठेवतात, तिथे डेटाबेस स्वतःचं कॅशिंग आणि लॉकिंग स्वतः बघतो, पण तो ऑप्शन तेवढ्याच माउंटवर ठेवावा, होम डिरेक्टरी आणि सोर्स कोडच्या माउंटवर नको.