तंत्रसाधना आणि सायकेडेलिक्स: ही जोडी जमली कधी?

तंत्रसाधनेतली कुंडलिनी, म्हणजे देहात निजलेली शक्ती, आणि काही अळंब्यांत सापडणारं सायलोसायबिन हे भान बदलणारं द्रव्य, ही दोन नावं हल्ली एका दमात घेतली जातात. अशा द्रव्यांना सायकेडेलिक्स म्हणतात. मनाच्या जखमा भरणारे, जाणीव विस्तारणारे हे दोन प्राचीन मार्ग मुळात एकच आहेत, असं तंत्राच्या नावाने भरणाऱ्या सायकेडेलिक शिबिरांच्या जाहिराती सांगतात. इतिहास चाळला तर हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले ते गेल्या साठ-सत्तर वर्षांत. त्याआधी त्यांचे उगमच नव्हे, हेतूही वेगळे होते.

आपल्या परंपरेत वनस्पतींना जागा नव्हती असं मुळीच नाही. ऋग्वेदाचं नववं मंडल जवळपास पूर्णपणे सोमाला वाहिलेलं आहे. सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर आजही एकमत नाही. अळंब्यांचे अमेरिकी अभ्यासक गॉर्डन वॉसन यांनी १९६८ मध्ये लाल टोपीच्या अमानिता मस्कारिया या अळंबीचं नाव पुढे केलं. इतर अनेक अभ्यासकांचा कौल एफेड्रा या झुडपाला आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभी सिद्धी मिळण्याची पाच साधनं सांगितली: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. म्हणजे औषधीचा मार्ग त्यांना ठाऊक होता, पण तो त्यांनी पुढे उलगडून सांगितला नाही.

तंत्रमार्गात मद्य आणि भांग दोन्ही आहेत. तंत्राच्या कौल पंथाच्या साधनेत पंचमकार (मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा, मैथुन) आहेत, तर महानिर्वाणतंत्रात पूजेआधी ‘विजया’, म्हणजे भांग, मंत्रांनी शुद्ध करून घेण्याचा विधी दिला आहे. पण हे सगळं दीक्षेनंतरचं. गुरूने शिष्याचा अधिकार, म्हणजे पात्रता, पारखायचा, मंत्र द्यायचा, न्यास करताना देहाच्या एकेका अवयवावर देवता स्थापायची, आणि मग विधीच्या चौकटीत निषिद्ध गोष्टीला हात लावायचा. पवित्र-अपवित्र हा भेदच साधकाच्या मनातून पुसून टाकणं हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. कुलार्णवतंत्राने तर खडसावलंच आहे, की मद्य पिऊन सिद्धी मिळत असती तर सगळे मद्यपी सिद्ध झाले असते.

मराठी माणसाच्या हाताशी याहून जवळचा दाखला आहे. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांना नाथपंथाची दीक्षा मिळाली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात वेटोळं घालून निजलेली कुंडलिनी कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलासारखी दिसते. आसन आणि बंधांनी ती जागी होते, भुकेली उठते आणि देहातले धातू खाऊन टाकते. जुनी कातडी गळते, नवी कांती येते. या वर्णनात कुठलंही मादक द्रव्य नाही; आहे तो प्राण आणि अभ्यास. आणि ‘आराम वाटेल’ असलं आश्वासनही नाही. ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि माझ्या मते तो यायलाच हवा.

उपचाराचा धागा आला तो दुसरीकडून. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात, हुआउत्ला दे हिमेनेस या डोंगरी गावात, मारिया साबिना नावाची माझातेक वैदू स्त्री रात्रभर चालणाऱ्या विधीत अळंबी खाऊन, मंत्रगान करत आजाऱ्याच्या दुखण्याचं मूळ शोधायची. १९५५ मध्ये वॉसन तिथे जाऊन बसले आणि १९५७ मध्ये त्यांनी ‘लाइफ’ मासिकात त्यावर लिहिलं. मग त्या गावात परदेशी तरुणांची रीघ लागली. त्याचा दोष साबिनावर आला; तिचं घर जाळलं गेलं. या इतिहासातलं हे पान मला सर्वांत जास्त बोचतं. जिच्या ज्ञानावर पुढचं सारं उभं राहिलं, तिच्या वाट्याला हे आलं.

त्याच काळात प्रयोगशाळेतही हालचाल चालली होती. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सँडोझ औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये एलएसडी हे सायकेडेलिक द्रव्य तयार केलं होतं, त्याचा मनावरचा परिणाम त्यांना १९४३ मध्ये कळला. १९५८ मध्ये त्यांनीच साबिनाच्या अळंबीतलं सायलोसायबिन वेगळं काढलं. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड आणि त्यांचे सहकारी दारूच्या व्यसनावर एलएसडी वापरून पाहत होते.

दोन प्रवाह जुळले ते १९६०च्या दशकात. हार्वर्ड विद्यापीठात काम केलेल्या टिमथी लिअरी, राल्फ मेट्झनर आणि रिचर्ड अल्पर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘बार्दो थोदोल’ या मृत्यूविषयीच्या तिबेटी ग्रंथाच्या आधारे एलएसडीच्या अनुभवाची मार्गदर्शिका लिहिली. अल्पर्ट १९६७ मध्ये भारतात आले, नीम करोली बाबांचे शिष्य झाले आणि राम दास म्हणून परतले. प्रागमध्ये एलएसडीवर संशोधन करून अमेरिकेत गेलेले मानसोपचारतज्ज्ञ स्तानिस्लाव ग्रोफ यांनी, एलएसडीवरच्या बंदीमुळे वाट बुजल्यावर, जलद श्वसनाची पद्धत उभी केली. त्यांच्या पत्नी क्रिस्टिना गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांच्या शिष्या होत्या. शक्तिपात (गुरूने शिष्यात शक्ती जागवणं) आणि कुंडलिनीची भाषा मानसोपचाराच्या वर्तुळात नेण्यात या दांपत्याचा मोठा वाटा आहे. पुण्यात रजनीशांच्या आश्रमात १९७०च्या दशकात पाश्चात्त्य थेरपी गट आणि तंत्र एकाच छताखाली आले.

दरम्यान कायद्याने या द्रव्यांना दार लावलं: अमेरिकेत १९७० चा कायदा, १९७१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार, आणि भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा. आपल्याकडे एलएसडी आणि सायलोसायबिन आजही त्याच्या कक्षेत आहेत. भांगेची पानं मात्र त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत.

संशोधनाला पुन्हा वेग आला तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या सायलोसायबिनवरच्या २००६ च्या अभ्यासाने. २०२२ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांवरच्या चाचणीत २५ मिलिग्रॅम सायलोसायबिनने तीन आठवड्यांत लक्षणं कमी झाली, मात्र बाराव्या आठवड्यापर्यंत तो परिणाम बऱ्याच जणांत टिकला नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन आणि एमडीएमए (हेही मनावर परिणाम करणारं द्रव्य) देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमए उपचाराला मान्यता नाकारली.

या चाचण्या ज्या खोलीत होतात ती पाहिली की मला दीक्षेची आठवण होते. आधी काही बैठका, मग औषध घेऊन डोळ्यांवर पट्टी, निवडलेलं संगीत, सहा-आठ तास शेजारी बसलेले प्रशिक्षित लोक, आणि नंतर आलेल्या अनुभवावर सावकाश बोलणं. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार, असेल, बायपोलर आजार असेल, तर सहसा प्रवेशच मिळत नाही. तंत्राने ज्याला अधिकार म्हटलं, त्याची चौकशी इथे अर्ज भरून घेतानाच होते. तंत्राच्या नावाखाली सायकेडेलिक शिबिरं भरवणाऱ्या किती जणांकडून ती होते, हे नाव नोंदवण्याआधी प्रत्येकाने विचारून घ्यावं.