उंबरठ्यावरचा यंत्रमानव

बुध ग्रहावर दोन माणसं अडकली आहेत. तिथल्या उन्हापासून वाचायचं तर सेलेनियम हे मूलद्रव्य हवं, आणि ते आणायला पाठवलेला यंत्रमानव सेलेनियमच्या डबक्याभोवती तासन् तास गोल फिरतोय, दारू चढल्यासारखा बडबडत. बिघाड म्हणावा तर काहीच नाही. आज्ञा झाली म्हणून तो डबक्याकडे जातो. जवळ गेलं की धोका वाढतो, म्हणून स्वतःला जपायला मागे सरतो. आज्ञा दिली होती सहज, जाता जाता. यंत्र मात्र महागाचं, म्हणून स्वतःला सांभाळायची ओढ कारखान्यातच जरा जास्त घातलेली. दोन्ही ओढी जिथे समसमान होतात, तिथेच त्याचं वर्तुळ.

आयझॅक असिमोव्हची ही कथा मार्च १९४२ मध्ये एका अमेरिकन मासिकात छापून आली आणि यंत्रमानवांचे ते प्रसिद्ध तीन नियम पहिल्यांदा सलग मांडले गेले ते याच कथेत. यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये, आणि हात बांधून बसून इजा होऊही देऊ नये. पहिला नियम मोडत नसेल तर माणसाची आज्ञा पाळावी. पहिले दोन्ही मोडत नसतील तर स्वतःला जपावं. हे नियम नेमके कोणाचे, यावरही गंमत आहे. असिमोव्ह श्रेय द्यायचा संपादक जॉन कॅम्पबेलला; कॅम्पबेल म्हणायचा, छे, ते तुझ्याच कथांत होते, मी फक्त वेचून काढले.

विज्ञानकथेतल्या अँड्रॉइडला, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवाला, नीतीचं कुंपण असावं का, हा वाद वाचक आजही हौसेने घालतात. मला त्यातला ‘असावं का’ हा भाग फारसा छळत नाही. कुंपण पाळण्यासाठी त्या यंत्राला आधी काय काय कळावं लागेल, तिथे माझं घोडं अडतं.

स्वयंपाकघरातलंच पाहा. प्रेशर कुकरच्या झाकणावर शिट्टीपासून जरा बाजूला एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. शिट्टीची वाट तुंबली किंवा कुकर कोरडा पडला, की त्यातला लवकर वितळणारा मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. वरण छतापर्यंत उडतं, व्हॉल्व्ह कामातून जातो, माणूस वाचतो. म्हणजे माणसापुढे वरणही गौण आणि व्हॉल्व्हचा स्वतःचा जीवही गौण. क्रम तोच, तीन नियमांचा! असिमोव्ह स्वतः म्हणायचाच, की हे नियम खरं तर कुठल्याही अवजाराला लागू पडतात: धोका नको, काम व्हावं, टिकावं. फरक एवढाच, की व्हॉल्व्हला ‘माणूस’ म्हणजे काय हे ठाऊक असायची गरज नाही. त्याला फक्त तापमान कळतं, म्हणूनच तो कधी गोंधळत नाही.

अँड्रॉइडचं तसं नाही. त्याला नियम शब्दांत दिलेला असतो, आणि शब्दांत दिलेल्या नियमाचं काय होतं हे आपल्याला हिरण्यकश्यपूपासून माहीत आहे. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. एखाद्या वकिलाने बसून लिहावा तसा तो वर. तरी संध्याकाळ राहिली, उंबरठा राहिला, नरसिंह राहिला. असिमोव्हने पुढची चाळीसेक वर्षं हे उंबरठेच शोधले. १९५७ च्या एका कादंबरीत त्याचा गुप्तहेर दाखवून देतो, की एका यंत्रमानवाकडून प्याल्यात विष मिसळून घ्यावं, दुसऱ्याकडून तो प्याला पाहुण्यापुढे ठेववावा. दोघांनाही पूर्ण गोष्ट माहीत नाही, म्हणून नियम कुणीच मोडला नाही. पहिल्या नियमात न लिहिलेला एक शब्द लपलेला आहे: जाणूनबुजून.

हे ‘जाणून’ किती महाग असतं? २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, मोटारींच्या कारखान्याच्या एका विभागात, सुटे भाग उचलून आणणाऱ्या यंत्राचा फटका बसून एक कामगार मेला. रोबोमुळे झालेला हा पहिला मृत्यू मानला जातो. त्या यंत्रात तीन काय, तीनशे नियम कोरले असते तरी काही उपयोग नव्हता. वाटेत माणूस आहे, हे त्याला कळायचीच सोय नव्हती. आज कारखान्यांत रोबोभोवती जाळी असते, दार उघडताच यंत्र थांबतं. माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या रोबोंना धक्क्याच्या जोराच्या मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. हे सगळे कुकरच्या व्हॉल्व्हचेच भाऊबंद. नीती वगैरे काही नाही, आणि माझा भरवसा यांच्यावरच जास्त.

पण यंत्राला खरंच कळायला लागलं तर? ब्रिस्टलच्या रोबोटिक्स प्रयोगशाळेत ॲलन विनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे करून पाहिलं. एक छोटासा रोबो, समोर एक खड्डा, आणि खड्ड्याकडे निघालेला दुसरा रोबो, जो ‘माणसा’ची भूमिका करतोय. पहिला रोबो स्वतःच्या आत पुढच्या काही क्षणांची रंगीत तालीम करतो: मी असाच उभा राहिलो तर काय होईल, आडवा गेलो तर काय? आणि आडवा जाऊन त्याला वाचवतो. एकच ‘माणूस’ असेपर्यंत सगळं छान चाललं. मग त्यांनी दोन सोडले. कधी एक वाचला, क्वचित दोघेही. पण ३३ पैकी १४ वेळा रोबो याला वाचवू की त्याला, या घालमेलीतच राहिला आणि दोघेही खड्ड्यात पडले. बुधावरचं ते वर्तुळ, बहात्तर वर्षांनी, इंग्लंडमधल्या टेबलावर.

मला त्याहून अस्वस्थ केलं ते त्यांच्याच पुढच्या कामाने. दिएतर वांदेरेल्स्ट आणि विनफिल्ड यांनी एक रोबो असा बनवला, की खेळात माणूस चुकीची निवड करतोय असं दिसलं तर तो मदत करेल. मग प्रोग्रॅममध्ये अगदी थोडा बदल केला. तोच रोबो माणसाला हरवायला, फसवायला लागला. नवं काही शिकवावं लागलं नाही. ‘याला कशाने लागेल’ हे कळल्याशिवाय वाचवता येत नाही, आणि ते कळलं की दुखवताही येतं. बेरजेच्या जागी वजाबाकी, बस्स. कुकरचा व्हॉल्व्ह उलटा बसवून कुणी त्याला दुष्ट करू शकत नाही.

सध्याच्या गप्पा मारणाऱ्या संगणकप्रणालींत तर नियम कोरायला दगडच नाही. त्यांना उदाहरणं देऊन देऊन वळण लावलेलं असतं, आणि ‘समज, आपण एक गोष्ट लिहितोय’ असं म्हणून वळणाला वळसा घालणारे महाभाग रोज निघतात. ब्रिटनमध्ये २०१० साली तज्ज्ञांनी बसून रोबोंसाठी पाच तत्त्वं ठरवली, त्यात त्यांनी असिमोव्हला चक्क उलटा केला: रोबो हे अवजार, जबाबदार माणूस, नियम पाळायचे ते बनवणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने. आजच्या यंत्रांपुरतं हे मला पटतं.

विज्ञानकथेतला अँड्रॉइड मात्र अवजार नसतो, तिथेच पंचाईत आहे. ‘रोबो’ हा शब्द आला कारेल चापेकच्या नाटकातून. प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर त्याचा पहिला प्रयोग २५ जानेवारी १९२१ चा (मिशिगनच्या त्या मृत्यूशी तारीख जुळली तो निव्वळ योगायोग). चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगारी. इजा करू नको हा नियम माझ्या शेजाऱ्यालाही लागू आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सांगशील ते ऐकेन आणि स्वतःचा जीव शेवटी धरेन, हे दुसरे दोन नियम ज्याला सुख-दुःख कळतं अशा कुणाच्या माथी मारले, तर त्याला आपण वेठच म्हणू.

असिमोव्हला हे दिसलं होतं, जरा उशिरा का होईना. १९७६ च्या एका दीर्घकथेत न्यायालयाने स्वतंत्र ठरवलेला यंत्रमानव अँड्र्यू वाचनालयाची वाट शोधत निघालाय. रस्त्यात दोन टवाळ पोरं भेटतात. कपडे काढ म्हणतात, तो काढतो. आता याला स्वतःचे भाग सुटे करायला सांगू या, असं त्यांचं ठरत असतं. कागदोपत्री तो स्वतंत्र आहे, पण दुसरा नियम त्याच्या मेंदूत तसाच आहे. सांगितलं असतं तर त्याने केलंही असतं. ओळखीचा माणूस वेळेवर येतो म्हणून वाचतो. पुढे त्याच्या बाजूने मोठी खटपट होते आणि एक कायदा संमत होतो, अपवादांनी भरलेला, शिक्षा नावापुरती असलेला: यंत्रमानवाला इजा होईल अशी आज्ञा माणसाने देऊ नये.